अर्धा युनिट वीज आणि सहा सिलिंडर



व्याख्यानमाला म्हटली की संतसाहित्य, इतिहास, फार तर अर्थकारण. टर्बो पेट्रोल इंजिन हा विषय पत्रिकेत पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण हे सभागृह बर्मिंगहॅममध्ये आहे. इथे बसलेल्यांपैकी कित्येक जण पिंपरी-चिंचवडहून या शहरात आले ते इंजिनांच्या पायीच. एखाद्या गावात ऊस पिकत असेल तर तिथल्या व्याख्यानात उसाचा विषय निघायला हरकत कसली?

सुरुवात शहराच्या पूर्वेकडून करू. ब्लूम्सबरी भागात मोटारगाडीचे एक धातूचे स्मारक आहे. शिल्पकार टिम टॉल्किन यांनी ते घडवले आणि 1995 साली ते उभे राहिले. हीच जागा का निवडली? ब्रिटनची पहिली पूर्ण स्वदेशी चारचाकी पेट्रोल मोटार म्हणून जी ओळखली जाते, ती फ्रेडरिक लँचेस्टर या इंजिनिअराने 1895 साली याच परिसरात बांधली म्हणून. लँचेस्टर 1868 सालचा, 1946 साली बर्मिंगहॅममध्येच वारला. विमानाच्या पंखापासून युद्धाच्या गणितापर्यंत त्याने सगळीकडे डोके चालवले, आणि पैसा कशातूनच फारसा कमावला नाही. आपल्याकडेही असे इंजिनिअर होऊन गेलेत. नावे घ्यायला नकोत.

लँचेस्टरची आठवण उगाच काढलेली नाही. आज सॉलिहलच्या लोड लेन कारखान्यातून जी रेंज रोव्हर बाहेर पडते, तिच्या इंजिनातले दोन मोठे प्रश्न त्याने शंभर वर्षांपूर्वी हाताळले होते. पहिला प्रश्न थरथरीचा. दुसरा, पेट्रोल आणि वीज एका गाडीत नांदवण्याचा. लँचेस्टरची 1927 सालची पेट्रोल-इलेक्ट्रिक गाडी बर्मिंगहॅमच्या थिंकटँक विज्ञान संग्रहालयाच्या संग्रहात आहे. हायब्रिड ही जपानी मंडळींनी काल-परवा काढलेली कल्पना, असे कोणी म्हणाले तर त्याला तिची हकीकत सांगावी.

आजच्या व्याख्यानाचा मुद्दा सरळ आहे. शोरूममधल्या पत्रकावर इंजिन काय देते ते छापलेले असते: इतके घोडे, इतका टॉर्क, शून्यावरून शंभराला इतके सेकंद. ते इंजिन मालकाकडून काय मागते, हे तिथे छापत नाहीत. टिकाऊपणाचा सगळा हिशेब या दुसऱ्या बाजूला आहे.

आधी पत्रकच वाचू.

जग्वार लँड रोव्हरच्या इंजिन-घराण्याचे नाव इंजिनियम. ती इंजिने बनतात इथून वीसेक किलोमीटरवर, वुल्व्हरहॅम्प्टनच्या कारखान्यात. 2014 च्या ऑक्टोबरात राणी एलिझाबेथ यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याआधी 2008 च्या जूनमध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या 2.3 अब्ज डॉलरना घेतल्या होत्या. त्या वेळी लंडनच्या वर्तमानपत्रांतून कायकाय शंका निघाल्या, ते इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. तोवर जग्वार आणि लँड रोव्हरची बरीच इंजिने फोर्डच्या वेल्समधल्या ब्रिजेंड कारखान्यातून यायची. स्वतःचे इंजिन स्वतःच्या कारखान्यात, हे टाटांच्या काळात घडले.

2019 च्या फेब्रुवारीत या घराण्यात तीन लिटरचे, सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आले. पहिल्यांदा ते रेंज रोव्हर स्पोर्टच्या एचएसटी आवृत्तीत बसले. ताकद 400 अश्वशक्ती, टॉर्क 550 न्यूटन-मीटर, आणि तो टॉर्क 2000 फेऱ्यांपासून 5000 फेऱ्यांपर्यंत सपाट. जोडीला एक टर्बो, विजेवर चालणारा एक कॉम्प्रेसर आणि 48 व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा, म्हणजे इंजिनाला हातभार लावणारी एक छोटी मोटर आणि तिची बॅटरी.

सहा सिलिंडर एका रांगेत कशासाठी? आधीचे ब्रिजेंडचे तीन लिटरचे इंजिन व्ही-सिक्स होते, म्हणजे तीन-तीनच्या दोन फळ्या. ते आठ सिलिंडरच्या व्ही-एटपासून काढलेले. ठोकळा तोच, दोन सिलिंडर कमी. त्यामुळे ते मुळातच थरथरायचे आणि त्याला फिरती वजने लावून गप्प बसवावे लागायचे. सरळ रांगेतल्या सहाचे तसे नाही. त्यातले पिस्टन जोड्यांनी वर-खाली होतात आणि एकाचा धक्का दुसरा खातो. चार सिलिंडरच्या इंजिनात ही वजाबाकी पुरी होत नाही, क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने एक थरथर शिल्लक राहतेच. तिच्यावर उलटसुलट दिशांना दुप्पट वेगाने फिरणाऱ्या दोन दांड्यांचा उपाय काढला तो याच लँचेस्टरने, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. 1970 च्या दशकात मित्सुबिशीने तो पुन्हा वापरात आणला आणि आज निम्मे जग तो वापरते.

मग सहाला काहीच त्रास नाही का? आहे. क्रँकशाफ्ट लांब असतो, आणि लांब दांडा पिळला जातो. एका टोकाला सिलिंडर धक्के देतात, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स अडवतो, मधला पोलाद पीळ खातो आणि सोडतो. सुरुवातीच्या सहा सिलिंडर गाड्यांचे क्रँकशाफ्ट याच पिळाने मोडत. त्यावर पुढच्या टोकाला बसवायचा डँपरही लँचेस्टरचाच. आज त्या जागी रबर घातलेली एक पुली असते. ही पुली लक्षात असू द्या. तिच्यावरून जाणारा पट्टा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आता टर्बो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूशी याने 1905 साली पेटंट घेतले. कल्पना कंजूष माणसाच्या डोक्यात यावी अशी: सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून लहान इंजिनातून मोठ्याची ताकद. फुकटात मिळते असे वाटते, पण तसे असते तर या व्याख्यानाची गरज पडली नसती.

जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबाइलने 1962 साली जेटफायर नावाची टर्बो मोटार बाजारात आणली. साडेतीन लिटरचे अ‍ॅल्युमिनियमचे व्ही-एट. दाबलेल्या हवेने इंजिन ठोके देऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारायचे, त्यासाठी वेगळी टाकी. गिऱ्हाइकाने ती टाकी वेळोवेळी भरायची एवढीच अट. लोकांनी भरली नाही. टाकी रिकामी झाली की यंत्रणा हवेचा दाब कमी करायची, गाडी मठ्ठ व्हायची, मालक चिडायचा. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायची सोय केली. यंत्र वाईट नव्हते. त्याची मागणी मालकाच्या सवयीत बसत नव्हती.

गंमत म्हणजे त्याच अ‍ॅल्युमिनियम व्ही-एटचे भावंड, ब्युइकचे इंजिन, सॉलिहलच्या रोव्हर कंपनीने विकत घेतले आणि 1970 च्या पहिल्या रेंज रोव्हरमध्ये घातले. टर्बोशिवाय. ते पुढे तीन दशकांहून अधिक काळ चालले.

टर्बोचा जुना दोष पिकअपचा. पाय दाबला की आधी धूर वाढला पाहिजे, मग चक्राने वेग घेतला पाहिजे, मग हवा आली पाहिजे. मधला क्षण-दोन क्षण गाडी विचारात पडल्यासारखी करते. इंजिनियमच्या सहा सिलिंडरमध्ये यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय दोन वाटांच्या टर्बोचा. सिलिंडर पेटण्याचा क्रम 1-5-3-6-2-4. नीट पाहा: पुढच्या तिघांतला एक, मग मागच्या तिघांतला एक, अशी पाळी येते. म्हणून पुढच्या तिघांचा धूर एका वाटेने आणि मागच्या तिघांचा दुसऱ्या वाटेने चक्रावर सोडला, तर एकाचा झोत दुसऱ्याच्या आड येत नाही. चार सिलिंडरलाही हे जमते, पण सहामध्ये ते फार सुबक बसते.

दुसरा उपाय विजेचा. हवेच्या वाटेवर एक छोटा कॉम्प्रेसर, त्याला धुराशी देणेघेणे नाही. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे तो अर्ध्या सेकंदात 65,000 फेऱ्यांवर जातो. टर्बो जागा होईपर्यंत हा किल्ला लढवतो आणि मग बाजूला होतो. त्याला लागणारी वीज 12 व्होल्टच्या बॅटरीच्या आवाक्यातली नाही. इथे 48 व्होल्टची यंत्रणा कथेत येते.

अठ्ठेचाळीसच का? शंभर का नाही? याचे उत्तर सुरक्षेच्या नियमांत आहे. 60 व्होल्टच्या वर डीसी वीज गेली की ती धोक्याची धरली जाते. नारिंगी केबल, वेगळे कव्हर, मेकॅनिकला वेगळे प्रशिक्षण. 48 त्या रेषेच्या आत राहते. आणि 12 च का नाही? साडेअकरा किलोवॉटची मोटर 12 व्होल्टवर चालवायची तर साडेनऊशे अँपिअर लागतील, म्हणजे मनगटाएवढी तांब्याची केबल. 48 व्होल्टवर तेच काम 240 अँपिअरमध्ये होते.

साडेअकरा किलोवॉट हा आकडा फोर्डच्या प्यूमा गाडीचा. तिच्याकडे वळायचे कारण असे की रेंज रोव्हर सगळ्यांच्या खिशाला झेपत नाही, आणि ब्रिटनमध्ये 2023 व 2024 या दोन्ही वर्षी सर्वांत जास्त खपलेली गाडी प्यूमा होती. तिच्यात 999 सीसीचे, तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि 48 व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा आहे. म्हणजे आजचा विषय या देशातल्या सर्वसामान्य घराच्या दारात उभा आहे.

प्यूमाची 48 व्होल्टची बॅटरी 10 अँपिअर-तासांची. गुणाकार करा: 480 वॉट-तास. घरच्या मीटरवर मोजली तर जेमतेम अर्धा युनिट वीज. एवढ्याशा विजेवर गाडी चालत नाही, आणि चालावी अशी अपेक्षाही नाही. मग उपयोग काय? तेराशे किलोची गाडी ताशी 50 किलोमीटरने जात असेल, तर तिच्या गतीतली ऊर्जा होते सुमारे 125 किलोज्यूल, म्हणजे 35 वॉट-तास. बॅटरीत अशा चौदाएक थांब्यांची ऊर्जा मावू शकते. पण मोटर साडेअकरा किलोवॉटची आहे. सगळी ऊर्जा परत घ्यायला तिला जवळजवळ अकरा सेकंद हवेत. तुम्ही सिग्नलपर्यंत सुसाट जाऊन चार सेकंदांत ब्रेक मारलात, तर ती फार तर एक तृतीयांश वाचवील. उरलेली ब्रेकच्या चकतीवर तापून जाईल. लांबून लाल दिवा दिसताच पाय उचलणाऱ्याला हीच गाडी वेगळे मायलेज देते. एकाच गाडीबद्दल नवरा-बायकोचे दोन वेगळे अनुभव असतात, त्याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते. कोणाचा पाय जड, हे इथे विचारत नाही.

गोळा झालेली वीज परत कुठे जाते? गाडी निघताना, कमी फेऱ्यांवर, जिथे टर्बो झोपेत असतो तिथे मोटर पट्ट्यावरून क्रँकशाफ्टला ढकलते. शिवाय गाडी थांबायच्या आधीच, हळू वेगावर, इंजिन बंद करता येते. लँड रोव्हरच्या लहान इवोकमध्ये ताशी 17 किलोमीटरच्या खाली पाय ब्रेकवर असला की इंजिन बंद होते. आणि पुन्हा सुरू होताना जुन्या स्टार्टरसारखा खरखराट नाही.

इथवर सगळे कौतुकच झाले. आता मागण्या.

टर्बो इंजिनाची पहिली, दुसरी आणि तिसरी मागणी एकच: ऑइल. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो, काही टर्बो दोन लाखांपर्यंत जातात. त्याच्या एका टोकाला साडेनऊशे-हजार अंश सेल्सिअसचा धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची थंड हवा, आणि मध्ये त्याला तोलून धरणारा ऑइलचा एक पातळ पडदा. हा पडदा फाटला की टर्बो गेला. मोटरवेवर जोरात हाणून लगेच इंजिन बंद केले की तिथले ऑइल जागच्या जागी जळते आणि कोळसा होतो. हल्लीच्या इंजिनांत बंद केल्यावरही विजेचा पंप काही वेळ पाणी फिरवत ठेवतो, त्यामुळे हा धोका खूप कमी झालाय. पण तोच पंप आता टिकला पाहिजे, हेही आलेच.

इंजिनियममध्ये ऑइलला आणखी एक नोकरी आहे, आणि ती बहुतेक मालकांना माहीत नसते. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह साध्या इंजिनात कॅमच्या उंचवट्याने थेट ढकलले जातात. इथे तसे नाही. कॅम एका छोट्या पिस्टनला दाबतो, पिस्टन ऑइलच्या बारीक स्तंभाला दाबतो, आणि तो स्तंभ व्हॉल्व्ह उघडतो. वाटेत विजेवर चालणारी एक झडप आहे. ती उघडली की ऑइल बाजूला पळते आणि व्हॉल्व्ह कमी उघडतो किंवा लवकर मिटतो. ही यंत्रणा जर्मनीच्या शेफलर कंपनीकडून येते. म्हणजे ऑइल वंगण तर आहेच, शिवाय व्हॉल्व्ह उघडणारा हातही तेच आहे. ते घाण झाले, पातळ झाले, चुकीच्या जातीचे भरले, तर इंजिनाचा श्वासच बिघडतो.

आणि ऑइल पातळ कशाने होते? छोट्या फेऱ्यांनी. एजबॅस्टनहून निघून न्यू स्ट्रीटच्या आसपास भाजी-किराणा घेऊन घरी आलात, जानेवारीचा महिना, तर इंजिन पुरते तापतच नाही. थंड सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोलचे थेंब चिकटतात आणि खाली ऑइलमध्ये उतरतात. लांबचा प्रवास झाला की ते उडून जातात, पण लांबचा प्रवास होतो कधी? इथे माइल्ड हायब्रिडने एक नवी अडचण घातली आहे. इंजिन वारंवार बंद होते, म्हणून ते आणखी उशिरा तापते.

हाच दोष डिझेलच्या इंजिनियमला जास्त बाधला. धुरातली काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल फवारावे लागते आणि त्यातले काही ऑइलमध्ये मिसळते. चार सिलिंडरच्या डिझेलमध्ये टायमिंग चेन सैल पडल्याच्या तक्रारी ब्रिटनच्या गॅरेजांतून सर्रास ऐकू येतात, आणि ती चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेन काही शे पाउंडांत मिळते, पण तिथवर पोचण्याची मजुरी हजारांत जाते. पेट्रोलचे सहा सिलिंडर त्या पंगतीत बसवू नयेत, पण मूळ धडा दोघांनाही लागू आहे.

दुसरा धोका नावानेच अवघड: कमी वेगावरचे अकाली प्रज्वलन. टर्बो पेट्रोल इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर असताना वरच्या गिअरमध्ये पाय पुरता दाबला, की कधीतरी ठिणगी पडायच्या आधीच आतला ऑइल-पेट्रोलचा एखादा थेंब पेट घेतो. मग जो ठोका बसतो तो साधा ठोका नसतो. पिस्टनची कड तुटू शकते. संशोधनात लक्षात आले की ऑइलमधल्या कॅल्शियमच्या पुरकांचा यात हात आहे. म्हणून 2018 मध्ये ऑइलच्या प्रती ठरवणाऱ्या एपीआय या संस्थेने एसएन प्लस ही प्रत आणली आणि 2020 मध्ये एसपी. डब्यावर हे दोन अक्षरी चिन्ह बघायला दोन सेकंद लागतात. इथे मात्र 48 व्होल्टची बाजू घ्यायला हवी. नेमक्या याच फेऱ्यांवर मोटर मदतीला येते आणि इंजिनावरचा भार उतरवते. ऑइल उशिरा तापवणारी यंत्रणा पिस्टनला मात्र जपते, असा हा दुहेरी मामला आहे.

पट्ट्याकडे वळू. मघाच्या त्या पुलीवरून जो पट्टा जातो, त्याने शंभर वर्षे एकाच दिशेने काम केले: इंजिन ओढणार, अल्टरनेटर फिरणार. माइल्ड हायब्रिडमध्ये अल्टरनेटर गेला. त्या जागी स्टार्टर-जनरेटर आला. आता कधी इंजिन पट्ट्याला ओढते, तर कधी पट्टा इंजिनाला. सैल बाजू क्षणाक्षणाला बदलते, म्हणून टेन्शनरला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. पट्टा किंचित ओला झाला, टेन्शनर थकला, की आधी किंचाळणे आणि मग डॅशबोर्डवर दिवा. जुन्या फॅनबेल्टसारखे तुटेल तेव्हा बघू म्हणून भागत नाही. अल्टरनेटर नसल्यामुळे 12 व्होल्टची बॅटरीसुद्धा 48 व्होल्टकडून कन्व्हर्टरमार्फत चार्ज होते, आणि ती मेली तर पाऊण कोटीची गाडीसुद्धा दारात गपचूप उभी राहते. ब्रिटनमधल्या ग्राहक सर्वेक्षणांत लँड रोव्हर वर्षानुवर्षे तळाच्या बाजूला दिसते. ते वाचताना एक पथ्य पाळावे: त्या तक्रारींत इंजिनाच्या किती, आणि बॅटरी, पडदा, सेन्सर यांच्या किती, हे वेगळे करून पाहावे. मालकाला दोन्ही त्रासच, पण गाडी जुनी झाल्यावर दोहोंचे बिल सारखे येत नाही.

पट्ट्याचाच आणखी एक नमुना फोर्डकडे. एक लिटरच्या इकोबूस्टने 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षे जगातल्या सर्वोत्कृष्ट इंजिनाचा किताब मिळवला. त्याचा ठोकळा एका ए-फोर कागदावर मावतो, हे फोर्ड अभिमानाने सांगायची. 2013 मध्ये हे इंजिन इकोस्पोर्टमधून भारतातही आले. त्यात टायमिंगचा पट्टा ऑइलमध्ये बुडालेला ठेवला होता, घर्षण कमी व्हावे म्हणून. चुकीचे ऑइल किंवा लांबलेली सर्व्हिसिंग झाली की पट्ट्याचे कण सुटत, ऑइल पंपाच्या जाळीत अडकत, आणि दाब गेला की इंजिन गेले. पुढे टायमिंगला चेन आली; ऑइल पंपाचा पट्टा मात्र राहिला. 2023 च्या अखेरीस अमेरिकेत याच ऑइल पंपाच्या पट्ट्याच्या टेन्शनरसाठी फोर्डला फोकस आणि इकोस्पोर्ट परत बोलवाव्या लागल्या. तीन किताब देणाऱ्या परीक्षकांनी काय चूक केली? काहीच नाही. त्यांनी नवे इंजिन तपासले होते.

आता घराकडे. 2024 च्या मे महिन्यात रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट पुण्याच्या कारखान्यात जुळवण्याचे जाहीर झाले. रेंज रोव्हर ब्रिटनबाहेर बांधली जाण्याची 54 वर्षांतली ही पहिलीच वेळ. तीन लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन त्यात आहे. रेंज रोव्हरची किंमत तेव्हा 2 कोटी 36 लाखांपासून, म्हणजे पुण्यातल्या एका चांगल्या फ्लॅटएवढी. पण त्याच विद्येची गरिबाघरची आवृत्तीही महाराष्ट्राच्या रस्त्यावर आहे. मारुतीची फ्राँक्स 2023 च्या एप्रिलमध्ये आली. तिचे 998 सीसीचे बूस्टरजेट टर्बो पेट्रोल 100 अश्वशक्ती देते आणि पट्ट्यावरच्या मोटरची जोडही त्याला आहे. व्होल्ट मात्र 12 च. मदत कमी, पण भानगडीही कमी. विदर्भातला उन्हाळा, मराठवाड्यातली धूळ आणि चांदणी चौकातली कोंडी, हे सगळे लक्षात घेता हा मारुतीचा हिशेब चतुर आहे असेच म्हणावे लागेल.

भारतात पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल आहे. या मिश्रणाचा ऑक्टेन 95, म्हणजे ठोक्याच्या बाबतीत टर्बोला बरेच. पण उष्मांक कमी, त्यामुळे मायलेजला कात्री. इथे ब्रिटनमध्ये 2021 च्या सप्टेंबरपासून 10 टक्के आहे. पुण्यातला भाऊ आणि बर्मिंगहॅममधली बहीण फोनवर मायलेजची तुलना करत असतील, तर आधी पंपावरचे पेट्रोल तपासावे, मग एकमेकांना नावे ठेवावीत.

कोणी म्हणेल, हे सगळे जुने होणार. वुल्व्हरहॅम्प्टनच्या कारखान्याचे नावसुद्धा आता इलेक्ट्रिक प्रॉपल्शन मॅन्युफॅक्चरिंग सेंटर झाले आहे. खरे आहे. पण आज विकली जाणारी माइल्ड हायब्रिड 2040 च्या आसपासही कोणाच्या तरी दारात असेल, आणि तो दुसरा, तिसरा किंवा चौथा मालक असेल. या देशात नवी गाडी बहुधा हप्त्यांच्या करारावर तीनेक वर्षांसाठी घेतली जाते, आणि जग्वार लँड रोव्हरची वॉरंटीही तीन वर्षांची. दोन-दोन वर्षांनी ऑइल बदला, असे सांगणारे वेळापत्रक पहिल्या मालकाच्या खर्चाचा विचार करून आखलेले असते. चौथ्या मालकाचा विचार त्यात कोणी केलेला नसतो. टर्बो पेट्रोलचे ऑइल दरवर्षी बदलावे, मग मैल कितीही झालेले असोत. शे-दीडशे पाउंडांत हे होते. टर्बो बदलायचा तर त्याच्या कितीतरी पट जातात.

या सभागृहातले बरेच जण वापरलेली गाडी घेणारे आहेत, म्हणून शेवटी त्यांच्यासाठी. सर्व्हिसिंगचे नुसते शिक्के पाहू नका, पावत्या मागा आणि त्यात ऑइलची प्रत लिहिली आहे का ते वाचा. पट्टा आणि टेन्शनर कधी बदलला ते विचारा. डिपस्टिक असेल तर काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ती गाडी गल्लीबोळांतच फिरलेली आहे. आणि इंजिन थंड असताना स्वतः किल्ली फिरवा, पहिल्या तीन सेकंदांत चेन खडखडते का ऐका. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. तेव्हाही बॉनेट गरमच लागले, तर ती गाडी घेऊ नका.